ड्राय सूट : अकरा दिवस नदीत, दोन वर्षे कपाटात

दोन वर्षांपूर्वी मी नदीत वल्हवताना घालायचा, पाणी आत येऊ न देणारा ड्राय सूट विकत घेतला, तेव्हा ठाण्यात राहणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग, असे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि खोके घेऊन आलेल्या कुरियरच्या मुलानेही विचारले. प्रश्न रास्त होता. आमच्या तलावपाळीला किंवा उपवनला होडीतून पाण्यात पडलेला माणूस गाळाने, शेवाळाने आणि काठावर जमलेल्या बघ्यांनी हैराण होईल, पण थंडीने कुडकुडणार नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर, आणि डिसेंबरातही पहिल्या एकदोन उसळ्या अंगावर घेतल्या की ते पाणी सुखद वाटू लागते. मात्र माझे आणि माझ्या पुतण्याचे वल्हवणे अलीकडे जानेवारीतील गंगा आणि ऑगस्टमधील लडाखची झंस्कार या दोन नद्यांपर्यंत जाऊन पोहोचले आहे, आणि तिथल्या पाण्याशी आपल्या कोकणातील पाण्याचे नाते केवळ नावापुरते आहे.

या दोन वर्षांत सूट प्रत्यक्ष थंड पाण्यात अकरा दिवस राहिला. उरलेला सर्व काळ तो पाचपाखाडीतील आमच्या घरात, आधी कपाटात, मग माळ्यावर आणि शेवटी पुन्हा कपाटात होता. हे परीक्षण या दोन्ही मुक्कामांचे आहे. नदीने सुटाला फारसे दुखवले नाही. जे बिघडले ते ठाण्याच्या हवेने बिघडवले, आणि याची कल्पना विकत घेण्यापूर्वी मला कोणीही दिली नव्हती.

उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल लिहायचे आहे त्या एका कंपनीच्या नसून या प्रकारच्या बनावटीच्याच आहेत. तीन थरांचे, घामाची वाफ बाहेर सोडणारे कापड, मानेला व मनगटांना लॅटेक्सचे, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराचे, घट्ट बसणारे गॅस्केट, पायांना त्याच कापडाचे जोडलेले मोजे आणि छातीवरून तिरकी गेलेली जलरोधक चेन, असे वर्णन असलेला कोणताही सूट घेतला तरी पुढील बहुतेक मजकूर त्याला लागू पडेल. मला तो सीमाशुल्क धरून ७८ हजार रुपयांना पडला. या सुटावर सूट मिळाली नाही.

ड्राय सूट अंगाला ऊब देतो, हा या वस्तूबद्दलचा पहिला गैरसमज. हातात घेतला तर तो चांगल्या रेनकोटापेक्षा किंचित जाड लागतो, इतकेच. पाणी बाहेर ठेवणे हे त्याचे काम असून ऊब आत घातलेल्या लोकरीची किंवा फ्लीसची असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते, म्हणून त्या लोकरीला पाणी लागू न देणे एवढ्याचसाठी हे पैसे मोजायचे. राफ्टिंगच्या ठिकाणी भाड्याने मिळणारा वेट सूट याच्या उलट चालतो. तो निओप्रीन नावाच्या स्पंजासारख्या रबराचा असतो आणि पाण्याला आत येऊ देतो. त्वचा आणि रबर यांच्यामध्ये अडकलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि रबरातील सूक्ष्म बुडबुडे ती उष्णता बाहेर जाण्यापासून रोखून धरतात. अट एवढीच की सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे, नाहीतर प्रत्येक हालचालीला कोमट थर निघून जातो आणि त्याच्या जागी नवे थंड पाणी येते. भाड्याच्या ढिगाऱ्यातून आपल्या मापाचा सूट मिळणे किती दुर्मीळ असते, हे पोट सुटलेल्या प्रत्येक हौशी वल्हेकऱ्याला ठाऊक आहे.

थंड पाण्यात माणूस हळूहळू गारठून मरतो अशी आपली समजूत असते, परंतु गारठणे ही पुष्कळ नंतरची अवस्था आहे. १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की त्याची छाती त्याला न विचारता एक मोठा श्वास ओढते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. त्यापाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि उत्तम पोहणाऱ्यालाही दोन हात नीट मारता येत नाहीत. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून या विषयाचा अभ्यास केला आहे, आणि हा सगळा क्रम १-१०-१ या तीन आकड्यांत सांगितला आहे : श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शरीर आतून थंड होत शुद्ध हरपेपर्यंतचा सुमारे एक तास. नदीत तो तास वाट्याला येतच नाही, कारण पहिल्या अकरा मिनिटांतच प्रवाह माणसाला खडकावर, पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांत किंवा पुढच्या खळाळात नेऊन सोडतो. म्हणून असा सूट पारखताना ऊब किती वेळ टिकली हे विचारण्यापेक्षा पहिले मिनिट कसे गेले आणि दहाव्या मिनिटाला बोटे चालत होती की नाही, हे पाहावे असे मी ठरवले.

पहिली चाचणी ठाण्यातच, एका जलतरण तलावात आणि तीही मे महिन्यात केली, हा शुद्ध अविचार होता. सूट चढवतानाच मानेच्या गॅस्केटने घोगरा आवाज काढायला लावला. नवे लॅटेक्स मानेला आवळतेच. त्यासाठी त्यावरील खुणांनुसार एकेक कडी कापत जायचे असते, परंतु एकदा जास्त कापले की परत जोडता येत नाही, म्हणून बहुतेक अनुभवी मंडळी आधी ते रात्रभर एखाद्या गोल वस्तूवर ताणून ठेवतात. आमच्याकडे पोह्यांचा स्टीलचा डबा नेमक्या घेराचा निघाला. दोन रात्रींनंतर मान सैल झाली, आवाज पूर्ववत झाला आणि कात्री लावावी लागली नाही.

तलावातून बाहेर आलो तर आतला बनियन चिंब. सूट गळतो अशा समजुतीने मी त्याच रात्री विक्रेत्याला संतापाचा ईमेल लिहून ठेवला आणि सुदैवाने पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सूट उलटा करून एकेक बाही आणि पाय नळाखाली पाण्याने भरून पाहिला. गळती असती तर कोरड्या बाजूवर थेंब दिसले असते, आणि एकही दिसला नाही. तो सगळा घाम होता. या कापडाला श्वास घेणारे म्हणतात, पण ते घामाची वाफ बाहेर ढकलते ते आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक उष्ण आणि दमट असेल तरच. ठाण्यातील मे महिन्याची हवा आधीच वाफेने भरलेली असताना वाफ जाणार कोठे? त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या परिसरात हा सूट घालून सराव करायचा असेल तर ती पहाटेची आणि जानेवारीतील गोष्ट आहे, आणि तेव्हाही वीस मिनिटांहून अधिक नाही.

गंगेवरील परीक्षा जानेवारीत झाली. ऋषिकेशजवळच्या शिवपुरीच्या खाली, खळाळ संपून पाणी शांत होते त्या डोहासारख्या जागी, काठावर दोर घेऊन एक अनुभवी मार्गदर्शक उभा असताना, मी एके दिवशी भाड्याच्या ३ मिलिमीटरच्या वेट सुटात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ड्राय सुटात उतरलो. बरोबर नेलेल्या थर्मामीटरवर पाणी १३ अंश दाखवत होते. वेट सुटात पाणी पाठीच्या कण्यावरून खाली उतरले तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावर पुतण्या अजून हसतो. श्वास मोजायचे ठरवले होते, पण पहिल्या पाऊण मिनिटात ते मोजता येण्याजोगे नव्हते. दोन मिनिटांनी ते सावरले. दुसऱ्या दिवशी ड्राय सुटात चेहऱ्याला आणि हातांना पाण्याचा चटका बसला, एक मोठा श्वास आत ओढला गेला, आणि पाचसहा श्वासांतच मी नेहमीसारखा बोलू लागलो. माझ्या मते या वस्तूची संपूर्ण किंमत त्या चाळीस सेकंदांच्या फरकात आहे. ती चाळीस सेकंदे उताणे व्हायला, पाय प्रवाहाच्या दिशेने वर उचलून धरायला आणि राफ्ट कोठे आहे हे पाहायला मिळतात.

बोटांच्या बाबतीत मात्र ड्राय सुटाने काहीही दिवे लावले नाहीत, आणि लावणारही नव्हता, कारण हात उघडेच असतात. दोन्ही दिवशी दहा मिनिटांनी लाइफ जॅकेटचे बकल उघडून पुन्हा लावण्याची कसोटी मी ठेवली होती. वेट सुटात ती साधली नाही. ड्राय सुटात साधली, पण बकल डोळ्यांनी पाहूनच लावावे लागले, बोटांना ते कळत नव्हते. त्यानंतर मी निओप्रीनचे हातमोजे घेतले, जे सुटाच्या किमतीपुढे कस्पटासमान आहेत आणि थंड पाण्यात त्याच्याइतकेच उपयोगी ठरतात. वल्ह्यावरची पकड जाड हातमोज्यांनी थोडी मंदावते, ही तक्रार खरी आहे.

सूट घालून पाण्यात उतरण्यापूर्वी गुडघे दुमडून उकिडवे बसायचे, मानेचे गॅस्केट बोटाने थोडे उघडायचे आणि आतली हवा फुस्स करून बाहेर घालवायची, हा विधी कोणी चुकवू नये. पहिल्याच दिवशी मी तो विसरलो. पाण्यात पडताच सगळी हवा पायांकडे पळाली, दोन्ही मोजे फुग्यासारखे फुगले, आणि पाय वर व डोके खाली जाऊ लागले तेव्हा दोर धरून उभ्या असलेल्या त्या शांत माणसानेही पहिल्यांदाच आवाज चढवला. याच ओघात, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुष वाचकांसाठी एक सूचना : लघुशंकेसाठी वेगळी चेन असलेलाच सूट घ्यावा. त्यासाठी सहासात हजार अधिक पडतात. थंडीत शरीर अधिक लघवी तयार करते, आणि त्या चेनीवाचून प्रत्येक वेळी मानेपासून संपूर्ण सूट सोलावा लागतो.

सुटाबद्दल एवढे लिहिताना लाइफ जॅकेटविषयी न लिहिणे म्हणजे दागिन्यांचे वर्णन करून जेवण विसरण्यासारखे होईल. सुटात अडकलेल्या हवेने माणूस थोडाफार तरंगतो हे खरे, पण त्या भरवशावर नदीत उतरणे वेडेपणाचे आहे. लाइफ जॅकेटच्या तरंगशक्तीचे माप न्यूटनमध्ये देतात. ५० न्यूटन म्हणजे पाण्यात सुमारे पाच किलो वजन वर उचलून धरण्याची शक्ती. ही पातळी शांत पाण्यातील पोहता येणाऱ्या माणसासाठी आहे. खळाळाचे पाणी हवेने फेसाळलेले असते आणि फेस माणसाला साध्या पाण्याइतके उचलत नाही, म्हणून मोठ्या नद्यांवर १०० न्यूटनच्या आसपासची जॅकेटे वापरणे शहाणपणाचे.

माझ्याकडे पूर्वी एका सहलीच्या आयोजकाकडून विकत घेतलेले एक जुने नारिंगी जॅकेट होते. त्यातील फोम दाबून दाबून चपटा झाल्याचा संशय आल्याने मी ते गच्चीवरच्या २०० लिटरच्या निळ्या पिंपात घातले आणि खाली आमच्या वाण्याकडून आणलेले पाच किलोचे लोखंडी वजन बांधले. लोखंड स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते, त्यामुळे पाच किलोचे वजन पाण्यात सुमारे ४.४ किलोच भरते, म्हणजे ही परीक्षा थोडी सवलतीचीच होती. जॅकेट सावकाश, अगदी शिस्तीने, पिंपाच्या तळाशी गेले. वाण्याने वजन परत घेताना ते ओले का आहे असे विचारले, आणि खरे कारण सांगितल्यावर त्याने आपल्या मुलांच्या जॅकेटांसाठीही तीच परीक्षा करून मागितली. ज्यांच्याकडे घरचे जॅकेट आहे त्यांनी दर पावसाळ्यापूर्वी ही खटपट करावी. भाड्याच्या जॅकेटसाठी एक साधी चाचणी पुरते : सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत वर आले तर ते पाण्यातही तसेच येणार आणि आपण त्याच्या खालून निसटणार.

झंस्कारला ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा चिलिंगहून निम्मूपर्यंतचा, म्हणजे झंस्कार सिंधूला मिळते तिथवरचा टप्पा आम्ही वेगवेगळ्या दिवशी मिळून पाच वेळा केला. तेथील पाणी हिमनद्यांचे असते, राखाडी आणि गाळाने दाट, त्यात हात घातला तर बोटे दिसेनाशी होतात. पाणी ७ अंश होते आणि दुपारची हवा २७ अंश. जुन्या अमेरिकन पुस्तकी नियमानुसार हवा आणि पाणी यांच्या फॅरनहाइट तापमानांची बेरीज १२० पेक्षा कमी असेल तरच थंडीपासून बचावाचा पोशाख घालायचा. आमची बेरीज ८१ आणि ४५ मिळून १२६ होत होती. म्हणजे या नियमाने आम्ही टी-शर्टात जायला हरकत नव्हती! ऊन कितीही सुखाचे असले तरी पडायचे असते पाण्यात, हवेत नव्हे, ही साधी बाब बेरजेने कशी झाकली जाते त्याचे याहून बोलके उदाहरण मला सापडणार नाही. लडाखमधील राफ्टिंगवाले हा नियम पाळत नाहीत हे चांगलेच आहे; ते प्रत्येकाला वेट सूट, वरून वाऱ्या-पाण्याचे जॅकेट आणि हेल्मेट देतात, आणि उन्हात काठावर उभे राहून घाम गाळणाऱ्या पर्यटकांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करतात.

ड्राय सूट घातलेल्याला त्या उन्हात अधिकच शिजावे लागते. यावर उपाय म्हणून मी दर वीस मिनिटांनी टोपी नदीत बुडवून डोक्यावर ठेवत असे, आणि एकदा काठाशी स्वतःच उतरून गळ्यापर्यंत बसलो. सूट खरा असेल तर असे बसणे हा एक विलक्षण अनुभव आहे : चारी बाजूंनी बर्फाचे पाणी शरीर दाबते आहे, कापड पायांना चिकटले आहे, आणि आत लोकर कोरडी.

चौथ्या दिवशी ती कोरडी राहिली नाही. सकाळी सूट चढवताना डाव्या मनगटाचे गॅस्केट अंगठ्याजवळ टर्रकन फाटले, कागद फाटावा तसे. हाताला लागले तेव्हा लॅटेक्स चिकट, गुळमट झालेले होते, म्हणजे ते फाटले तिथे असले तरी मेलेले घरीच होते. राफ्टच्या दुरुस्तीच्या पेटीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. तो मनगटावर गुंडाळून वरून विजेच्या कामाची काळी टेप आवळली. त्या दिवशी तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे मध्यम अवघड, अशा एका खळाळात मी खरोखरच राफ्टबाहेर फेकला गेलो आणि सुमारे दोन मिनिटे पाण्यात होतो. टेपने निम्मे काम केले. पाणी कोपरापर्यंत आले, दंडापर्यंत लोकर भिजली, बाकी अंग कोरडे राहिले.

येथे एक प्रचलित भीती दूर करणे आवश्यक वाटते. सुटात पाणी शिरले की माणूस दगडासारखा तळाला जातो असे पुष्कळ जण सांगतात. पाण्यातील पाण्याला वजन नसते, त्यामुळे भरलेली बाही मला खाली ओढत नव्हती. पण राफ्टवर ओढून घेताना तेच पाणी हवेत आले आणि पुतण्याला मला उचलणे जड गेले. “काका, बाही खाली करा, आधी पाणी सांडू द्या,” असे तो ओरडत होता, आणि मला ते ऐकू येऊनही हात हलवायला वेळ लागला. मनगटाऐवजी मान फाटली असती तर छाती भिजली असती, आणि मग हा लेख बहुधा त्याने लिहिला असता.

आता ठाण्याच्या हवेविषयी. नैसर्गिक लॅटेक्सला ऊन, उष्णता, ओझोन आणि तेल यांचे वावडे आहे. सूट मी पहिल्या पावसाळ्यापासून माळ्यावर ठेवला होता, आणि आमचा माळा गच्चीच्या स्लॅबखाली असल्याने उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. शिवाय ऋषिकेशला जाण्यापूर्वी डोक्याला भरपूर खोबरेल तेल लावण्याची माझी सवय. ते तेल प्रत्येक वेळी गॅस्केट डोक्यावरून ओढताना त्याला पुसले जात होते, सनस्क्रीनचेही तेच. ज्यांच्या घरात प्रेशर कुकर आहे त्यांना हे नवे नाही. कुकरचे गॅस्केट सैल झाले, चिकट झाले, चिरले की आपण दीडशे रुपयांत नवे आणतो आणि विसरून जातो. येथे फरक एवढाच की नवे गॅस्केट परदेशातून यावे लागते आणि बदलून देणारा कारागीर जवळपास मिळत नाही. मी टायर-ट्यूबवाल्याकडे गेलो, रेनकोट शिवणाऱ्याकडे गेलो, समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे सामान दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना फोन केला. तिघांनीही सहानुभूती व्यक्त केली.

देखभालीच्या माझ्या सध्याच्या पद्धतीत प्रवासाहून आल्यावर सूट गोड्या पाण्याने धुणे, चेनीच्या दातांतील हिमनदीचा बारीक गाळ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढणे, कारण तो वाळूच्या कागदासारखा दात झिजवतो, आणि सूट आधी उलटा, मग सुलटा, सावलीत पंख्याखाली वाळवणे, एवढे येते. पावसाळ्यात ठाण्यात काहीही दोन दिवसांत वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात नदीवरून आलेला सूट चार दिवस पंख्याखाली असतो, नाहीतर मोज्यांत बुरशी धरते. गॅस्केटला बिनवासाची शंखजिऱ्याची पावडर लावायची. बाळाच्या सुवासिक पावडरीतील सुगंधी द्रव्ये लॅटेक्सला मानवत नाहीत. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, “अहो, नातवंड यायच्या आधीच एवढी पावडर कशाला?” त्यानंतर सूट घडी न घालता, चेन उघडी ठेवून, घरातील सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कपाटात मोकळा लटकवलेला असतो. माझे कोट त्यामुळे माळ्यावर गेले आहेत.

आज विकत घ्यायचा असता तर मी मानेला लॅटेक्सऐवजी निओप्रीनचे गॅस्केट असलेला, अर्धकोरडा म्हणतात तो प्रकार घेतला असता. त्यातून डोके पाण्याखाली गेले तर थोडे पाणी झिरपते, पण तो मानेला सुखाचा असतो, तेलाला तितका घाबरत नाही, आणि वर्षातून आठदहा दिवस वापरून उरलेला काळ आपल्या हवेत काढणाऱ्याला अधिक वर्षे पुरेल. कयाक नावाच्या अरुंद होडीत वारंवार उलटून पुन्हा सरळ होणाऱ्यांना तो चालणार नाही. राफ्टवर बसणाऱ्यांना चालेल. ज्यांना कोलाडच्याच वाऱ्या करायच्या आहेत त्यांनी यातले काहीच घेऊ नये. चांगले जॅकेट, हेल्मेट आणि पायांतून न निसटणारे बूट घ्यावेत, आणि सुती टी-शर्ट घरी ठेवावा. हिवाळ्यात वर्षातून एकदा ऋषिकेशला जाणाऱ्याने स्वतःच्या मापाचा वेट सूट आणि त्यावर घालायचे पाणी अडवणारे जॅकेट घेतले तर ते ड्राय सुटाच्या पाव किमतीत होते, आणि वेट सूट माळ्यावर दोन वर्षे पडला तरी असा दगा देत नाही. झंस्कारसारख्या नदीवर अनेक दिवसांची मोहीम करणाऱ्यालाच मी ड्राय सूट सुचवीन, आणि त्यालाही मनगटांच्या गॅस्केटची एक जादा जोडी व डिंकाची नळी सामानात ठेवूनच.

ती नळी मी शेवटी मागवली आणि काम स्वतःच केले. बाहीच्या आत एक गोल डबा घालून कापड ताणायचे, फाटलेले लॅटेक्स कापून टाकायचे, नवे त्यावर ओढून मध्ये डिंकाचा अखंड पट्टा द्यायचा आणि वरून दुसरी रबरी पट्टी दाबून ठेवायची, असा तो प्रकार आहे. हा पॉलियुरेथेनचा डिंक हवेतील दमटपणा शोषून घट्ट होतो. कोरड्या हवेत त्याला सुकायला पुरा दिवस किंवा अधिक लागतो. आमच्याकडे जुलैच्या रात्री लावलेला सांधा सकाळी दहाला ओढूनही सुटला नाही. आता उजवे मनगट उरले आहे. ते अजून फाटलेले नाही, पण बोटाला किंचित चिकटू लागले आहे, आणि पोह्यांचा डबा पुन्हा त्याच्या आत आहे.